घरभेटीचा नियम

“बुवा, न सुधारणाऱ्या माणसामागे किती दिवस धावायचं?”

पायातली चप्पल काढण्याआधीच शाल्मलीने विचारलं.

बुवा मठीच्या अंगणात चिंचा फोडत बसले होते. इथे येऊन राहण्याआधी ते सरकारी नोकरीत होते. भरकटलेली पोरं आणि त्यांच्या घरचे, यांना सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. शाल्मली त्यांच्याच हाताखाली तयार झाली. आता ती एका संस्थेत तेच काम करायची, आणि आपल्याइतकं चांगलं ते कोणालाच जमत नाही, अशी तिची खात्री होती. खोटं कशाला बोला, ती खात्री फारशी चुकीचीही नव्हती.

“कोण माणूस?”

“हर्षद. एकोणीस वर्षांचा. मारामारीत सापडला, कोर्टाने आमच्या देखरेखीखाली सोडला. त्याला वायरमनच्या कोर्सला घातलं. समुपदेशक गाठून दिला. बापाची समजूत काढली, आईला दवाखान्यात नेलं. दर आठवड्याला मी घरी जाते. आणि हा? पालथ्या घड्यावर पाणी! आपणहून इकडची काडी तिकडे करत नाही.”

“मग?”

“उद्या बैठक आहे. केस बंद करा म्हणून सांगणार. कोर्टाला तसं कळवतील.”

“म्हणजे तुरुंग.”

“मग मी काय करू? थकले हो मी! कोणावर एवढा जीव लावला नव्हता, आणि कोणी एवढं रडवलंही नव्हतं.”

बुवा चिंच फोडत राहिले.

शाल्मलीला रिकामं बसवेना. “द्या इकडे, मी फोडते.”

“नको.”

तिने पिशवीतून डबा काढला. “बेसनाचे लाडू आणलेत.”

“नको. आत्ताच खाल्लंय.”

“बरं, माठ तरी भरून आणते.”

“भरलेला आहे.”

माठ आडवा पडलेला होता, आणि तो कोरडा ठणठणीत असल्याचं तिला बसल्या जागेवरून दिसत होतं.

“हे काय चाललंय, बुवा?” शाल्मली उसळली. “पहाटे उठून लाडू वळलेत मी! माझ्या हातचं चालत नाही का तुम्हाला? तसं सरळ सांगा, मी निघते.”

आणि ती खरंच उठली. डबा झाकला, चप्पल पायात घातली.

बुवांनी मान वर केली नाही. “हर्षदच्या घरी मागच्या वेळी काय झालं?”

“काय होणार? तो उठून बाहेर निघून गेला. आत्ता मी उठले ना, अगदी तस्सा...”

...

“का उठला?”

“काही झालंच नव्हतं. मी चहा नको म्हटलं, एवढंच. आत्ताच घेतलाय म्हटलं.”

“घेतला होतास?”

“नव्हता.”

“चहा कोणी केला होता?”

शाल्मलीने डबा कट्ट्यावर ठेवला.

“त्यानेच.”

“कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही. मी दारात दिसले की तो गॅस पेटवतो. दर वेळी.”

“आणि तू दर वेळी...”

“पण बुवा, नियम आहे!” ती कळवळून म्हणाली. “घरभेटीत कोणाच्या घरचं काही घ्यायचं नाही. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी हे शिकवते. अंतर राहतं, माणूस मिंधा होत नाही, सगळी घरं सारखी वागवली जातात. आणि हा नियम तुम्हीच घालून दिलात!”

“हो. मीच घातला.”

“तेच म्हणते मी! एवढा विचार करून तुम्ही...”

“कसला विचार, डोंबलाचा! जितकी घरं तितके चहा. पित्ताने जीव नकोसा झाला होता मला.”

शाल्मली बघतच राहिली. हसावं, की लाडवांचा डबा या म्हाताऱ्याच्या डोक्यात घालावा, हे तिला कळेना. किती मुलींना तिने हा नियम पाठ करायला लावला होता, आणि किती घरांत त्या मुली ‘आत्ताच घेतला’ म्हणत बसल्या असतील!

...

“बुवा, बैठक उद्या सकाळी आहे. मी आता काय करू?”

बुवांनी हातातला दगड खाली ठेवला. मग वैतागून म्हणाले,

“तो चहा आता गार झाला असेल. त्याला दुसरा टाकायला सांग.”