दासवाडीतली घंटा

एका राज्यात, जिथे सांज झाली की ढग तळ्यावर पाणी प्यायला उतरत आणि झाडे एकमेकांची विचारपूस करत, तिथे वेशीबाहेर दासवाडी नावाची वस्ती होती. वस्तीत दास कुणीच नव्हते. दास होते ते त्यांचे आजे-पणजे. साठ वर्षांमागे सुवर्णध्वज राजाने त्या सर्वांना मुक्त केले, दवंडी पिटली, साखर वाटली आणि स्वतःच्या थोरपणावर खूश होऊन तो झोपी गेला. मुक्त झालेल्यांना नावे मात्र उरली ती हातातल्या वस्तूंची. झारी धरणारीची नात झारी, चवरी ढाळणारीची नात चवरी. दुसरी नावे त्यांच्यापाशी नव्हती.

आणि घंटाही उरली. जुन्या काळी राजा पानावर बसला की मनोऱ्यावरची थोरली घंटा वाजे, आणि राजा आचवेपर्यंत प्रत्येक दासाने असेल तिथे उभे राहायचे असे. धूम्रकेश मांत्रिकाने तिला तसा मंत्रच घातला होता. आता मनोरा ओस होता, घंटा कुठे दिसत नव्हती. तरी राजवाड्यात राजा पानावर बसला की दासवाडीला ती ऐकू येई, इतर कुणाला नाही. जेवणारा घास टाकून उभा राही, तापाने फणफणलेला अंथरुणातून उभा राही, आणि बाळंतीण कळा देता देता उभी राही.

झारी त्या वस्तीची सुईण होती. सात बाळे तिच्या हातून अशी गेली होती, आणि त्यांतल्या दोघांच्या आयाही. तिची लेक समई पोटुशी होती. तिचे दिवस पौर्णिमेला भरत होते, आणि त्याच पौर्णिमेला तरुण राजा सोमदत्ताच्या राज्यारोहणाची पंगत होती. पंगत तीन प्रहर चालायची होती.

"आई, तीन प्रहर मी उभी राहीन का गं?" समईने विचारले.

झारीने भाकरी बांधून घेतली आणि ती रानात गेली.

रानात एक म्हातारा धनेश पक्षी होता. तो माणसासारखा बोले, आणि माणसापेक्षा कमी खोटे बोले. झारीने त्याला घंटेतून सुटायची वाट विचारली, तेव्हा तो म्हणाला, "आधी घंटा होईल तेव्हा एकदा बसून दाखव. मग वाट सांगतो."

झारीने स्वतःला लुगड्याने एका शिळेशी बांधून घेतले. दुपारी घंटा झाली. झारी उभी राहिली आणि तिच्याबरोबर शिळाही जमिनीतून उठून उभी राहिली. राजा आचवला तेव्हा दोघी खाली आल्या.

धनेश हसला नाही. "गुडघ्यांत नाही हे, बाई. फार खोल आहे. जा. घंटा शोध, घंटेला मंत्र घालणारा शोध, आणि घंटा ज्याच्यासाठी वाजते त्याला शोध."

झारी आधी ओस मनोऱ्याकडे गेली. पायथ्याशी कासाराची जुनी भट्टी होती, साठ वर्षे थंड. झारीने तिच्या तोंडाशी बसून विचारले, "भट्टीबाई, घंटा कुठे गेली?"

"माझ्या पोटात वितळली, लेकी," भट्टी म्हणाली. "सुवर्णध्वज महाराज म्हणाले, एवढं चांगलं कासं, वाया कशाला घालवायचं? तिच्या वाट्या केल्या, आणि सुटलेल्या प्रत्येक घराला एकेक भेट दिली."

राजेलोकांचे असेच असते. उपकार करायला निघाले की मागचापुढचा विचार करत नाहीत. पण झारीला राजाचा राग आला नाही. तिला स्वतःचे हात आठवले. दासवाडीत पोर सहा महिन्यांचे झाले की घरातल्या काशाच्या वाटीत खीर कालवून त्याचे उष्टावण करत. सुटकेची वाटी म्हणून तिला हळदकुंकू वाहत. वस्तीतल्या कितीतरी पोरांच्या ओठी पहिला घास झारीनेच लावला होता. समईलाही तिनेच भरवले होते, गाणे म्हणत, लाडाने. घंटा अशी पोटातून पोटात उतरली होती. झारी भट्टीच्या राखेत बसून खूप रडली.

मग ती मांत्रिकाकडे गेली. धूम्रकेशाचे केस इतके वाढले होते की सगळी दरी त्यांच्या धुक्याने भरली होती. झारी ते हातांनी बाजूला सारत दोन दिवस चालली, तेव्हा कुठे तो सापडला. सुकून खारकेएवढा उरला होता.

"मंत्र मागे घ्या," झारी म्हणाली.

"घेता आला असता तर कधीच घेतला असता. तो जिवंत आहे तोवर मला मरण नाही. मी दुसऱ्यासाठी बांधला, तो माझा राहिला नाही."

"मग सुटायचा कसा?"

"ज्याच्यासाठी वाजते, त्याला ती कधी ऐकू आली नाही. त्याला ऐकव." एवढे बोलून तो पुन्हा धुक्यात बुडाला.

झारी घरी आली ती पौर्णिमेच्या सकाळी. समईला कळा सुरू झाल्या होत्या. झारीने तिच्या कपाळावरून हात फिरवला, शेजारच्या चवरीला तिच्यापाशी बसवले आणि समईला म्हणाली, "मला जाऊ दे बाई, नाहीतर तुला उभं राहावं लागेल." कनवटीला काशाची वाटी लावून ती राजवाड्याकडे धावली.

पंगत मांडली होती. राजा अजून पानावर बसला नव्हता. त्याने दासवाडीची बाई म्हणून तिला आत येऊ दिले, कारण तो मनाने वाईट नव्हता.

"महाराज, आमच्याकडे अजून घंटा वाजते."

राजा गोंधळला. "माझ्या आजोबांनी तुम्हांला मुक्त केलं. मी तर ती घंटा कधी पाहिलीसुद्धा नाही."

"पाहिली नाहीत, पण वाजवता. रोज दोनदा."

"गावं हवीत का? दागिने?"

"गाव नको. या वाटीतून माझ्या हातचा एक घास घ्या."

प्रधान ताडकन पुढे झाला. "बटकीच्या हातचं? भर पंगतीत?" साठ वर्षांत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता, पण तो प्रधानाच्या जिभेवर अगदी ताजा होता. राजाने ते ऐकले आणि त्याचा चेहरा उतरला. तो झारीला म्हणाला, "भरवा."

झारीने पंगतीतली खीर वाटीत घेतली, लेकरांना भरवतात तशी बोटाने ओठाला लावली. राजाने ती गिळली आणि पानावर बसला.

घंटा झाली.

झारी ताठ झाली. समोर राजाही उठून उभा राहिला. त्याच्या पायांनी त्याला विचारले नव्हते. त्याने बसायचा यत्न केला. दोन मल्लांनी खांदे दाबले, तर मल्लच वर उचलले गेले. पाट पायाला चिकटून वर आला. राजाच्या डोळ्यांत भीती आली, मग भीतीच्या जागी दुसरेच काही आले.

"हे रोज?" त्याने विचारले.

"रोज, महाराज."

"आजाऱ्यांनासुद्धा?"

"बाळंतिणींनासुद्धा. माझी लेक आत्ता कळांनी तळमळत उभी आहे."

राजा रडू लागला, उभ्या उभ्याच. आणि मग असे झाले की राजा बसला म्हणून घंटा वाजत होती, पण घंटा वाजली म्हणून राजा उभा होता. आता ती वाजणार कुणासाठी? ती घुटमळली, अडखळली आणि थांबली. झारीच्या हातात वाटी तडकली. वेशीबाहेर घराघरांत वाट्या तडकल्याचा आवाज राजवाड्यापर्यंत आला. दूर दरीतले धुके विरले, मांत्रिक सुटला.

झारीचे डोळे भरून आले. आईची तेवढीच वस्तू तिच्यापाशी होती. ती राजवाड्याच्या फरशीवर, राजासमोर, मांडी घालून बसली. तिला कुणी ऊठ म्हटले नाही. राजा तिच्यापुढे उभाच राहिला.

मग ती उठली, स्वतःच्या मनाने, आणि धावत घरी गेली.

समई बाजेवर पडून होती. सूर्य मावळायच्या आत तिला मुलगी झाली. झारीने नाळ कापली, लेकरू पुसले, आणि तेव्हा तिला थकवा आला. तो तिचा एकटीचा नव्हता. तिच्या आईचा होता, आजीचा होता, ज्यांची नावे कुणाला ठाऊक नव्हती त्यांचाही होता. बसायला मिळाले नाही म्हणून तो इतकी वर्षे वाट पाहत थांबला होता. वस्तीत घरोघरी तो उतरला. माणसे जिथे होती तिथेच झोपली, तीन दिवस झोपली. काही म्हातारी माणसे उठलीच नाहीत. त्यांच्या चेहऱ्यांवर समाधान होते, असे सांगतात.

राजाने हुकूम काढला की राज्यात कुणी मोठ्याने बोलू नये. तीन दिवस त्याने पंगत मांडली नाही. दासवाडीचे रांजण त्याने स्वतः भरले, गुरांना चारा घातला, आणि प्रधानाला अंगण झाडायला लावले.

समईची मुलगी तेवढी मधूनमधून रडे. मग समई डोळे न उघडता कुशीवर वळे आणि पडल्या पडल्याच तिला पाजे.