पोर्टनेवनची आंधळी खिडकी

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पोर्टनेवन नावाचं लहानसं गाव आहे. बंदराच्या वरच्या चढावर, भिंतीला भिंत लागून बांधलेल्या लालसर दगडी घरांची एक लांब ओळ दिसते. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. प्रत्येक घराची समुद्राकडची खिडकी भिंतीतून पुढे आलेली, तिन्ही बाजूंनी काचा असलेली. फक्त मधल्या घराला तशी खिडकी नाही. तिथे दगडी चौकट आहे, पण चौकटीत भिंतच चिणलेली. वरून काळा रंग आणि त्यावर पांढऱ्या रेघांची खोटी तावदानं. लांबून पाहणारा फसतो. जवळ गेल्यावर कळतं, हे घर समुद्राकडे पाहतच नाही.

गावातले म्हातारे वॉल्टर गन पाहुण्यांना इथवर आणतात, दम खायला बांधावर टेकतात आणि ग्रिझेलची हकिकत सांगतात.

ग्रिझेल मन्रो ही कोळ्याची बायको. तिचा नवरा मर्डो एका पावसाळी सकाळी हेरिंग मासे धरायला गेला, तो परत आला नाही. होडीची फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. तेव्हापासून ग्रिझेल टेकडीवर जाऊन उभी राहू लागली. पाहून पाहून तिची नजर अशी तयार झाली, म्हणे, की क्षितिजावर शीड नखाएवढं दिसायचं तेव्हाच ती सांगायची, होडी कुणाची. खाली बायका दिवसभर मासळी साफ करत. त्या म्हणाल्या, "ग्रिझेल, तू वर असतेसच, तर आमच्या माणसांकडेही लक्ष ठेव."

ती ठेवू लागली. आधी मायेनं, मग सवयीनं, मग सुटका नाही म्हणून.

होड्या आल्या की बायका धक्क्यावर धावत. ग्रिझेलची आठवण कुणाला राहत नसे. होडी आली नाही, की खाली उतरून बातमी सांगायला त्या घराच्या दारात उभं राहायचं काम मात्र तिचं. वर्षं गेली तशी तिची पावलं गल्लीत वाजली की बायका दारं लोटून घेऊ लागल्या. मुलांना आत ओढू लागल्या. तिनं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. तरी अंगणात हसणं चालू असलं की ती आपणहून वाट बदलायची. रात्री डोळे मिटले तरी पापण्यांआड पाणी हलत राहायचं. झोप अशी तिला लागतच नसे.

पुढे भरतीचं पाणी किनाऱ्यावरच्या झोपड्यांत शिरायला लागलं, तेव्हा जमीनदारानं चढावर ही ओळ बांधायला काढली. टेट नावाचा गवंडी कामावर होता. गावानं ठरवलं, मधलं घर ग्रिझेलला द्यायचं. तिथून सगळं बंदर दिसतं; म्हातारीला टेकडी चढायला नको. तो मानच होता.

अर्धवट भिंतींच्या आत उभं राहून ग्रिझेलनं खिडकीच्या जागेतून समुद्र पाहिला. मग टेटला म्हणाली, "ही बुजवून टाका."

"बाई, ओळ बिघडेल. मधलंच घर आंधळं कसं ठेवू?"

"बाहेरून काय हवं ते करा. आतून मला भिंत पाहिजे."

ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. पाण्याच्या पंपापाशी बायकांनी तिला गाठलं. जेन नावाची तरुण बाई सगळ्यांच्या वतीनं बोलली; तिचा नवरा नील समुद्रावर होता. "मग आमच्या होड्यांकडे कोण बघणार?"

"तुम्हाला डोळे आहेत."

"आम्हाला कामं आहेत, ग्रिझेल."

ग्रिझेलनं बादली खाली ठेवली. "मी थकले ग," एवढंच म्हणाली. भांडली असती तर बायका भांडल्या असत्या. पण ती भांडली नाही. बादली जेननंच उचलून तिच्या घरापर्यंत नेली.

टेटनं हे पाहिलं, असं सांगतात. त्यानं बाकीच्या घरांच्या खिडक्या भिंतीतून पुढे काढल्या, म्हणजे जाळं विणता विणता, कणीक मळता मळता बंदराचं तोंडही दिसावं आणि पलीकडचा खडकाचा सुळकाही. एकीची नजर सगळ्यांत वाटली गेली.

नव्या घरांत राहायला आल्यावर पहिल्याच शरदात वादळ आलं. दुपार झाली तरी दोन होड्यांचा पत्ता नव्हता. जेनच्यानं राहवेना. ती ग्रिझेलकडे धावली. दार नुसतं लोटलेलं होतं. चुलीशेजारी, समुद्राकडच्या भिंतीला पाठ टेकून, ग्रिझेल गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं. जेननं तिला हलवायला हात पुढे केला, तसाच मागे घेतला. दार ओढून ती आपल्या खिडकीत परतली आणि स्वतः पाहत बसली.

नीलची होडी आली. बेथिया नावाच्या शेजारणीच्या नवऱ्याची आली नाही. सुळक्याखाली उलटलेल्या त्या होडीचा तळ जेनलाच आधी दिसला.

आता जाऊन सांगायचं कुणी? जेन बेथियाच्या दारापर्यंत गेली, पण दार न वाजवताच थांबली. ग्रिझेल हे एकटीनं इतकी वर्षं कसं करत होती, हे तिला तिथं उमगलं. ती मागे फिरली. बेथियाचं आणि ग्रिझेलचं तेवढं सोडून ओळीतलं प्रत्येक दार तिनं वाजवलं. बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या आणि सगळ्या मिळून निघाल्या.

इतक्या पावलांनी ग्रिझेलला जाग आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिनं शाल ओढली आणि घोळक्याच्या मागे चालू लागली. बेथियानं दार उघडलं, तेव्हा ग्रिझेल पुढे नव्हती. बायकांच्या गर्दीत, जेनचा हात धरून उभी होती. सांगितलं जेननं. ग्रिझेल त्या दिवशी रडली, म्हणे, मर्डोसाठीसुद्धा पहिल्यांदाच.

आजही पोर्टनेवनला कुणाच्या घरी वाईट बातमी न्यायची असली, तर एकटं कुणी जात नाही. ओळीतली सगळी दारं वाजवतात, मधलं तेवढं वगळून. तिथे राहणारं माणूस पावलं ऐकून आपणहून बाहेर येतं आणि सगळ्यांत शेवटी चालू लागतं.