सोन्याचा गरुड आणि राणीची भिवई

एका राज्यात न्याय तोंडाने सांगत नसत, भिवईने सांगत. वादी बोले, प्रतिवादी बोले, आणि सिंहासनावर बसलेला राजा गप्प. समोरच्या दरवाज्याच्या कमानीवर एक सोन्याचा गरुड होता. राजाने भिवया उचलल्या की माफी, आणि गरुड स्वस्थ बसे. भिवया जागच्या हलल्या नाहीत तर गरुड आवाज न करता एकदा पंख पसरी, आणि बाहेर पडताना उंबरठा ओलांडला की त्या माणसाचा पक्षी होई. मग तो दरबारामागच्या चिंचेवर जाऊन बसे. राजघराण्यातल्या कुठल्याशा पूर्वजाने हा गरुड पक्ष्यांच्या रानातून लुटून आणला होता आणि लुटीबरोबर शापही घरात आला होता, एवढेच लोकांना ठाऊक. दिलेल्या न्यायाबद्दल राज्यकर्त्यापाशी चकार शब्द काढायचा नाही, असाही एक नियम होता. नियम करणाऱ्यांना तो फार सोयीचा वाटला असणार.

गादीवर त्या काळी राणी उत्पलावती होती. तरुणपणी तिच्या भिवया अशा उठत की दरबारातल्या शेवटच्या रांगेलाही माफी दिसे. पुढे वय झाले. पापण्यांवरची कातडी सैल पडून डोळ्यांवर उतरली आणि भिवयाही तिच्या मागोमाग आल्या. समोर उभ्या राहिलेल्या माणसाचे तिला फक्त पाय दिसू लागले. वर पाहायचे तर मान मागे टाकावी लागे, आणि मान मागे टाकली की लोक म्हणत, राणीला गर्व चढला. मान सरळ ठेवली की म्हणत, राणीला डुलकी लागली. दिवसभर कपाळ ताणून डोळे उघडे धरायचे, म्हणून संध्याकाळी कपाळ ठणके. दासींना ती सांगे, ऊन लागले. खोलीत एकटी असली की बोटाने पापणी वर धरून ती खिडकीतून डोंगर पाही, आणि शिखर अजून जागेवर आहे ना याची खात्री करून घेई.

हे तिने कुणालाही सांगितले नव्हते. या वयात, नवरा गेल्यावर, पापण्यांची तक्रार घेऊन वैद्याकडे जायचे म्हणजे लोक रूपाची हौस म्हणणार, याची तिला लाज वाटे.

एका सकाळी खिडकीत एक साळुंकी येऊन बसली.

"राणीसाहेब," साळुंकी म्हणाली, "मला माफ का केलं नाहीत?"

आवाज ओळखीचा होता. तो मुदपाकखान्यातल्या तुंगाबाईचा होता. पाहुण्या राजाच्या खिरीत साखरेऐवजी मीठ पडले म्हणून तिला दरबारात उभे केले होते. त्यानंतर ती दिसली नव्हती. माहेरी गेली असेल, असे राणीने धरून चालले होते. पक्ष्यांना दरबारचे नियम लागू नव्हते, म्हणून हा प्रश्न विचारला तरी गेला.

"तुंगा, तुला तर मी माफ केलं होतं. मला हसू आवरत नव्हतं. भिवया इतक्या उचलल्या की कपाळात कळ आली."

"मग त्या गरुडाला का दिसल्या नाहीत?"

राणी आरशापुढे गेली. सगळा जोर लावून तिने भिवया उचलल्या. कपाळावर आठ्या पडल्या, भिवया मात्र होत्या तिथेच राहिल्या. आरशातली बाई रुसल्यासारखी तिच्याकडे पाहत होती.

"म्हणजे आजवर ज्यांना ज्यांना मी माफ केलं, ते सगळे..."

"चिंचेवर आहेत. आणि राणीसाहेब, हळूहळू आम्ही बोलणं विसरतो. धाकटी चिमणी आता नुसती चिवचिवते. काल मला माझ्या लेकीचं नाव आठवेना. बोलणं शिल्लक आहे तोवर उंबरठ्यावर बसून माफी मिळाली तर पुन्हा माणूस होता येतं. ते पुरतं गेलं की मग भिवई उचलूनही माणूस परत येत नाही."

राणी जमिनीवर बसली. आपण दयाळू आहोत, असे ती इतकी वर्षे समजत होती.

त्याच दिवशी दरबार बंद झाला. राणीने साळुंकीला उंबरठ्यावर बसवले आणि सिंहासनावरून हात उंचावून पाहिला. साळुंकी साळुंकीच राहिली. मग बोटाने भिवई वर धरून पाहिली. बोटाने उचललेली माफी गरुडाला चालत नव्हती. राणीच्या भिवया उचलून देणारा हवा, अशी प्रधान कुंभकेतूने दवंडी पिटवली, आणि दुसऱ्याच दिवशी मोहनांग नावाचा जादूगार हजर झाला. त्याच्या भिवया केसांपर्यंत पोचल्या होत्या आणि डोळे टपोरे होते. कुणी नुकतीच आनंदाची बातमी दिल्यासारखा त्याचा चेहरा दिसे.

"सुरी नाही, रक्त नाही," मोहनांग म्हणाला. "एक मंत्र, आणि महाराणी सोळा वर्षांच्या."

राणीला मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. तिने होकार द्यायला तोंड उघडले होते, तेवढ्यात तिच्या खांद्यावरची साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, आधी यांना राग आलेला कसा दिसतो ते बघून घ्या."

राणीने मान मागे टाकून मोहनांगाला नीट न्याहाळले. "तुम्ही भोंदू आहात," ती म्हणाली.

"हा माझा अपमान आहे," मोहनांग ओरडला. रागाने त्याने पाय आपटला. चेहरा मात्र आनंदाने फुललेलाच राहिला.

"झोपता कसे?" राणीने विचारले.

"डोळ्यांवर ओलं फडकं टाकून," मोहनांग म्हणाला. "ते मिटत नाहीत."

हा चेहरा घेऊन राणी सिंहासनावर बसली असती तर चोर, दरोडेखोर, खुनी, सगळ्यांना सरसकट माफी झाली असती. तिने मोहनांगाला मानाचा विडा देऊन वाटेला लावले.

मग साळुंकीने वेत्रवतीचे नाव काढले. वेत्रवती ही सुरीने शस्त्रक्रिया करणारी मांत्रिकीण. तिची झोपडी रोज जागा बदलत असे, पण पक्ष्यांना ती बरोबर सापडे. साळुंकी पुढे आणि राणी मागे, अशा दोघी वेताच्या बनात पोचल्या. झोपडी त्या दिवशी तळ्याच्या मधोमध उभी होती. राणी पाण्यावरून चालत गेली, कारण तिथे तशीच वाट होती.

"सुरी उचलण्याआधी मी तीन कामं सांगते," वेत्रवती म्हणाली. "ती झाली नाहीत तर आलीस तशी परत जा."

"सांगा."

पहिले काम मेणाचे. वेत्रवतीने मेणाच्या दोन पट्ट्या दिल्या. त्यांनी पापण्या वर चिकटवायच्या, बनात फिरून यायचे आणि काय दिसले ते सांगायचे. राणी गेली आणि बराच वेळ आलीच नाही. परतली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"झाडांना शेंडे आहेत," ती म्हणाली. "बगळ्यांची रांग गेली ती मान न उचलता दिसली. आणि कपाळ ठणकत नाही."

"म्हणजे डोळा शाबूत आहे, वरचा पडदा तेवढा लोंबलाय. तो उचलता येतो."

दुसरे काम दिव्याचे. वेत्रवतीने एक समई पुढे ठेवली. तिच्यासमोर खोटे बोलले की ती विझे.

"हे कशासाठी करतेस?"

"माफीसाठी. प्रजेसाठी," राणी म्हणाली. समई विझली.

वेत्रवतीने ती पुन्हा पेटवली. राणीने पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिले आणि अखेर म्हणाली, "रूपासाठीही. थोडंसं. आरशात मला रोज एक रुसलेली बाई दिसते. मी रुसलेली नाही हो."

समईची ज्योत वीतभर उंच झाली.

"एवढंच ना," वेत्रवती म्हणाली. "मग त्यात लाजायचं काय? थोडी हौस असू दे. लपवलीस तर तीच तुला मोहनांगाच्या दारात नेईल."

राणीच्या छातीवरचे ओझे उतरले. इतकी वर्षे जे स्वतःशीही बोलली नव्हती ते बोलून झाले होते, आणि आभाळ काही कोसळले नव्हते.

तिसरे काम आसवांचे. वेत्रवतीने शिंपला पुढे केला. "ज्या डोळ्याला पाणी नाही त्याच्या पापणीला मी शस्त्र लावत नाही. तो डोळा करपतो. हा शिंपला भरून दे."

राणी शिंपला घेऊन बसली. राजाच्या चितेपाशी ती रडली होती, त्यानंतर नाही. राज्यकर्त्याने रडायचे नसते, असे तिला सांगण्यात आले होते. तिने दुःखाच्या गोष्टी आठवून पाहिल्या. डोळे कोरडेच. तिला सोबत म्हणून साळुंकी चिंचेवरच्या पक्ष्यांची नावे सांगू लागली. "पारवा आहे ना, तो भिवा कोष्टी. दोन्ही बुलबुल म्हणजे गंगू आणि तिची जाऊ. धाकटी चिमणी म्हणजे माळ्याची सून. आणि मी..." साळुंकी थांबली. तिने मान वाकडी करून राणीकडे पाहिले. "राणीसाहेब, माझं नाव काय हो होतं?"

राणीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "तुंगा," ती म्हणत राहिली, "तुंगा, तुंगाबाई." शिंपला भरून वाहू लागला, आणि वेत्रवतीने सुरी हातात घेतली.

"दोन्ही डोळे अगदी एकसारखे होतील, असं वचन देत नाही," ती म्हणाली. "आधी सुजतील, जांभळे होतील, आणि काय करून बसले असं तुला वाटेल. तेव्हा आरसा मागायचा नाही. आता सांग, भिवया किती उचलू?"

राणीला मोहनांगाचा फुललेला चेहरा आठवला. "उठता येईल एवढ्या," ती म्हणाली. "आणि खाली बसता येईल एवढ्या."

"मग कर डोळे बंद."

वेत्रवतीने मंत्राने पापण्या बधिर केल्या, व्रण घडीत लपेल अशी चंद्रकोरीसारखी कातडी काढली, भिवयांना केसांच्या कडेने हलकेच वर घेतले आणि कोळ्याच्या धाग्याने टाके घातले. राणीला दुखले नाही, फक्त कुणीतरी कपाळावरून जड मुकुट काढून घेतल्यासारखे वाटले. पुढे व्हायचे ते झाले. डोळे सुजले, जांभळे पडले, आणि राणीने आरसा मागितलाच. वेत्रवतीने दिला नाही. साळुंकी उशाशी बसून आपलेच नाव घोकत राहिली, आणि ते चुकले की राणी सांगे.

सूज उतरली तशी राणी राजधानीत आली. चिंचेवरचे सगळे पक्षी दरबाराच्या उंबरठ्यावर रांगेने बसले. राणी सिंहासनावर बसली आणि तिने साळुंकीकडे पाहून भिवया उचलल्या. त्या उठल्या. साळुंकीच्या जागी तुंगाबाई उभी राहिली, हातात खिरीचा डाव तसाच. तिने पहिल्याप्रथम लेकीचे नाव घेऊन हाक मारली. मग भिवा कोष्टी, गंगू, तिची जाऊ. धाकटी चिमणी माणूस झाली, पण गप्प राहिली. मग ती म्हणाली, "भूक लागली," आणि राणीला हायसे वाटले. शेवटी कावळा उरला. तो खरोखरीचा चोर होता. राणीने त्याच्याकडे पाहिले आणि भिवया खाली ठेवल्या. त्या खालीही राहिल्या.

गरुडाने पंख पसरले का, हे पाहायला राणीने वर पाहिले. गेल्या कित्येक वर्षांत तिला तो गरुड दिसलाच नव्हता. आता मान मागे न टाकताही दिसला. त्याची मान खाली होती. उंबरठ्यावर उभे राहणाऱ्यांची असते तशीच. याचा गुन्हा काय, हे आजवर कुणी विचारले नव्हते, हे तिच्या ध्यानात आले. तिने त्याच्याकडे पाहून भिवया उचलल्या.

सोने तडकले. कमानीवर एक साधासा मनुष्य बसलेला दिसला.

"मी रानातला नाही, इथलाच. पहिल्या महाराजांना मी एवढंच म्हणालो होतो की पक्ष्यांचं रान लुटू नका," तो म्हणाला. "त्यांनी भिवई उचलली नाही, आणि लुटीच्या शापाने पहिला पक्षी मीच झालो. आता उतरायला शिडी मिळेल का?"

शिडी आली, शाप गेला. कावळ्याचाही पुन्हा चोर झाला आणि त्याला साधा तुरुंग मिळाला. तेव्हापासून त्या राज्यात न्याय तोंडाने सांगू लागले, आणि दिलेल्या न्यायाबद्दल बोलायची सगळ्यांना मुभा झाली.

त्या संध्याकाळी तुंगाबाईने खीर केली. राणीने पहिला घास घेतला आणि तिच्या भिवया वर गेल्या. सवयीने सगळ्यांनी कमानीकडे पाहिले. कमान रिकामी होती.

"मीठ पडलं का?" तुंगाबाईने घाबरून विचारले.

"नाही गं. वेलची जास्त झाली," राणी म्हणाली. भिवया आपल्या आपण खाली आल्या, आणि तिने आणखी एक वाटी मागितली.

राणीचे डोळे उघडले तसे वेळेवर सर्वांचे उघडोत, आणि रात्री सुखाने मिटोत. गोष्ट इथे पुरी झाली.