कपिलेच्या कोंबड्यांचे पाणी

पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी उपसेन राजाचे राज्य चालले असताना बोधिसत्त्व एका खेड्यात कुंभार होऊन जन्माला आले. त्याच खेड्यात कपिला नावाची विधवा चाळीस कोंबड्यांवर पोट भरीत असे.

एका उन्हाळ्यात तिच्या कोंबड्या पिसे फुगवून बसू लागल्या. त्यांना हगवण लागली, दाण्यावरची वासना उडाली. अंडी मिळत ती दोन-चार, तीही बोटाने दबणारी. रोज एखादी मरे. कपिलेला घास जाईना. शेजारची म्हातारी तारिका येता-जाता खुराड्याकडे बघत उभी राहायची, तिचीच दृष्ट लागली असे कपिलेच्या मनाने धरले. तिने पंचांच्या कानावर घातले, आणि पंचांनी ठरवले, तारिकेने उद्या गाव सोडावे.

मग कपिला दृष्ट काढायला काळे मडके मागत कुंभाराकडे आली.

बोधिसत्त्व म्हणाले, "मडके देतो पोरी, पण कोंबड्या पितात कशात, ते आधी दाखव."

"तुमच्याच मातीच्या पसरट परळात, दादा. कधी रिकामा पडू देत नाही मी."

परळ काठोकाठ भरलेला होता. बोधिसत्त्वांनी तळाशी बोटे घातली, तर हिरवी बुळबुळीत साय, विष्ठा आणि कुजका दाणा हाती आला.

"हा ओतून कधी टाकलास?"

"ओतायचा कसा? पाण्याचे भांडे पालथे घातले की घराची बरकत जाते, सासूबाईंनी सांगून ठेवलेय. मी वरून भर घालते. रोज, न चुकता."

बोधिसत्त्वांनी तो हात तिच्यापुढे धरला. वास आला तशी कपिलेने पदर नाकाला लावला. इतक्या मायेने तिने त्यांना हेच पाजले होते.

बोधिसत्त्व तसेच पंचांकडे गेले. "एक पंधरवडा थांबा. कोंबड्या सुधारल्या नाहीत, तर तारिकेबरोबर मीही चाक उचलून निघतो."

"म्हातारीपायी भट्टी मोडतोस होय?" पंच हसले. "बरे, बघू."

बोधिसत्त्वांनी कपिलेला दोन नवे परळ दिले. रोज सकाळी ती एक पालथा घाली, राखेने घासून उन्हात ठेवी, आणि दुसऱ्यात विहिरीचे ताजे पाणी भरी. पहिल्या दिवशी ओतताना तिने मनातल्या मनात सासूबाईंची क्षमा मागितली. त्यानंतरही दोन कोंबड्या गेल्याच. ती रडली, पण नेम मोडला नाही. हळूहळू बाकीच्या पोटभर पाणी पिऊ लागल्या, पाण्यामागे दाणा आला, आणि बाराव्या दिवशी टणक कवचाची अकरा अंडी मिळाली.

ती पदरात घेऊन कपिला तारिकेच्या दारी गेली.

"आत्या, मी तुमच्यावर आळ घेतला."

"बघत तर मी होतेच," तारिका म्हणाली. "घरात बोलायला कोणी नाही. त्यांचा कलकलाट ऐकून बरे वाटायचे. आत ये, उन्हात किती उभी राहशील?"

एवढी पूर्वजन्मीची गोष्ट सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची कपिला म्हणजे आज तुम्हाला भिक्षा वाढणारी उपासिका नंदमती. तारिका ती भिक्षुणी चंद्रिका. आणि तो कुंभार मीच होतो. चुकलेल्याला न दुखवता चूक दाखवावी, आणि ज्याच्यावर आळ आला त्याच्या शेजारी जाऊन उभे राहावे, यालाच करुणा म्हणतात."