इथं ‘येतो’ म्हणायचं नाय

बाई, मघाशी तो म्हातारा या चौथऱ्यावरनं उठला आणि ‘जातो’ म्हणाला, तेव्हा तुम्ही दचकलात. बघितलं मी. बरोबरच हाय, निघताना ‘येतो’ म्हणावं, ‘जातो’ अभद्र. आमच्या वाडीत मात्र उलटं. का, ते सांगतो, पण आधी पैज लावू. गोष्टीत कोण मरतं, ते तुम्ही ओळखालच. पण शेवटी फेड कोणाला करावी लागली, ते ओळखा. ओळखलंत तर शहाळं माझ्याकडनं. अजून एकालापण पाजावं लागलेलं नाय.

हा चौथरा उरलाय तो धाकू भंडाऱ्याच्या माडीच्या गुत्त्याचा. इंग्रजाच्या आधीचा म्हणतात. आमच्याकडं जे कोणी बघितलं नाय ते सगळं इंग्रजाच्या आधीचं. माडावरनं उतरवलेली माडी करवंटीत ओतायची, बरोबर भाजलेली सुकट. कोण, कुठला, काय जातीचा, कोणी विचारायचं नाय. विचारायचं एकच, ‘गोड की आंबट?’ बाबल सुतार पहिल्या करवंटीला बायकोला शिव्या द्यायचा, तिसरीला तिच्या आठवणीनं रडायचा. बायको घरात धडधाकट! आणि नागू खलाशी. गुपचूप बाबलच्या करवंटीला खालनं भोक पाडणारा, असला खोडकर. तसा गुत्ता परत झाला नाय म्हणे.

धाकूचा एक नेम होता. कधीतरी एक म्हातारा ‘येतो’ म्हणून गेला, धाकूनं लवकर दार लावलं. म्हातारा पावसात परत आला आणि बंद दारातच गार झाला. धाकूनं देवीपुढं नारळ ठेवला, ‘येतो म्हणून गेलेल्याला माझं दार बंद दिसणार नाय. मी दारातच असेन.’

नागूला त्याची लय गंमत वाटायची. एका दुपारी त्याला वाटलं, बघू तरी धाकूदा किती थांबतो. “येतो रे, माझी करवंटी झाकून ठेव,” म्हणाला आणि समोरच्या टेकाडावर काजूच्या झाडांत दडून बसला.

थोड्या वेळानं खाडीपलीकडनं एक माणूस धावत आला. धाकूची एकुलती लेक चिमी बाळंतपणाला अडली होती, बापाचा धोसरा घेतला होता. होडी उभी होती, पण ओहोटी लागलेली.

“जा रे तू,” बाबल म्हणाला, “नाग्याला मी सांगतो.”

“नारळ मी ठेवलाय, बाबल. तू नाय.”

मग बाबल वाटेवर जाऊन बोंबलला, “नाग्या! ए नाग्या, मेल्या, ये लवकर!”

हाक नागूला ऐकू गेली, पण ती कशासाठी ते इतक्या लांबनं काय कळणार? त्याला दिसत होतं, धाकू उठतोय, बसतोय, वाटेकडं बघतोय. वाटलं, खोडी चांगलीच लागली. तोंडावर हात दाबून हसत तो आणखी आत सरकला.

हसून हसून पोट दुखलं तेव्हा बाहेर आला. तोवर खाडीत नुसता चिखल, होडी रुतलेली. धाकू तसाच चिखलातनं निघाला, कमरेपर्यंत रुतत. पोचला तेव्हा चिमी गेलेली. बाळ तेवढं जगलं होतं.

दिवसकार्य करून धाकू आला, माड तासायची कोयती घेतली, गुत्त्याचं दार काढून बाबलला दिलं. नातीला सांभाळायला तो पलीकडं चालला होता. नागूला शिवी नाय, शाप नाय. नागूच पाय धरून रडला, “धाकूदा, मार मला. पण येतो म्हण रे.”

धाकू म्हणाला, “जातो.”

वाडीनं तो शब्द पहिल्यांदाच ऐकला, असं सांगतात. त्यानंतर ‘येतो’ म्हणायची कोणाची छाती झाली नाय. आजही इथनं उठणारा ‘जातो’ म्हणतो.

वर्षं गेली. नागूचा पोरगा गलबतावर निघाला. याच वाडीत वाढलेला, धक्क्यावर म्हणाला, “जातो, बाबा.” नागूच्या अगदी ओठावर आलं, ‘येतो म्हण.’ पण सांगणार कोणत्या तोंडानं?

त्यानंतर म्हणे नागू रोज धक्क्यावर जाऊन बसायचा. कोणी विचारलं, “काय नागूदा, पोराची वाट बघतोस?” तर म्हणायचा,

“नाय रे. वाट कशी बघू? येतो म्हणून कुठं सांगितलंय त्यानं?”