वेळेआधी वाहिलेला नारळ

समुद्राकाठच्या एका गावात मोरोशेट नावाचा मिरचीचा व्यापारी राहत होता. त्याची आठ वर्षांची मुलगी चिमा मोठ्या तापातून नुकतीच उठली होती. आजारपणात तिने एकच हट्ट धरला होता. समोरच्या बेटावर जायचं, पांढऱ्या वाळूत खेळायचं आणि ओंजळभर शिंपले आणायचे. मोरोशेटने तिला तसा शब्द दिला होता.

श्रावण लागला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मोरोशेट माश्या मारत बसला होता. त्याला वाटलं, जायला हीच वेळ बरी. थंडीत नवी मिरची आली की मान वर करायला फुरसत मिळत नाही.

तो किनाऱ्यावर गेला. सगळ्या होड्या वर ओढून माडाच्या झावळ्यांनी शाकारून ठेवल्या होत्या. गावातला सगळ्यांत जाणता होडीवाला धर्मा तांडेल जाळं दुरुस्त करत बसला होता.

"धर्मा, होडी काढ. उद्या बेटावर जाऊन येऊ."

"नारळी पौर्णिमेला अजून आठ दिवस आहेत, शेट. दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. आणि लेकराला घेऊन सहलीला जायचं, तर थंडी पडल्यावर या."

"अरे, दोन दिवस चांगलं ऊन पडलंय. समुद्र बघ कसा निजलाय!"

"वरून निजलाय."

मोरोशेट चिडला. "तांडेल म्हणवतोस आणि पाण्याला भितोस?"

धर्माचा हात थांबला नाही. "शेट, श्रावणात तुम्ही मिरच्या वाळत घालता का?"

"मला काय वेड लागलंय?"

"मग?"

आजूबाजूचे कोळी हसले. मोरोशेट तरातरा घरी गेला आणि नारळ घेऊन परत आला. "नारळच हवा ना? हा घ्या, वाहिला!" असं म्हणून त्याने तो पाण्यात भिरकावला. पुढच्याच लाटेने नारळ परत आणून त्याच्या पायाशी टाकला.

धर्मा हळूच म्हणाला, "नारळ दर्याला नको असतो, शेट. आपल्या घाईला घातलेला तो बांध आहे."

मोरोशेटने ऐकलं नाही. खाडीतून माणसं पलीकडे नेणारा लखू त्याने गाठला. लखू खाडीच्या तोंडाबाहेर कधी गेला नव्हता. पण शेटने गळ घातली आणि तो कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निघाली. समुद्र शांत होता. बेट आलं तशी चिमा खाली उतरली आणि तिथेच उभी राहिली.

"बाबा, वाळू कुठाय?"

वाळू नव्हतीच. दर पावसाळ्यात लाटा ती ओढून नेतात आणि पुढे हळूहळू परत आणून घालतात. मोरोशेटला हे ठाऊक नव्हतं. समोर नुसते काळे खडक होते आणि त्यांवर हिरवं शेवाळ.

इतक्यात वारा फिरला. आभाळ भरून आलं. पहिल्याच मोठ्या लाटेत लखूच्या होडीचा दोर तुटला आणि होडी खडकावर आपटून फुटली. भरती चढू लागली. मागे झाडीकडे जायची वाट पाण्याखाली गेली. तिघं एका खडकावर चढली. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. मोरोशेटने चिमाला खांद्यावर घेतलं. तिचं अंग पुन्हा तापू लागलं होतं.

"बाबा, मला शिंपले नकोत," ती म्हणाली. मोरोशेटने तिचे पाय घट्ट धरले.

इकडे किनाऱ्यावर लखूची आई धावत आली. तिने काय ते सांगताच धर्माने होडीवरच्या झावळ्या ओढून काढल्या.

कोणी तरी म्हणालं, "तांडेला, नारळ?"

"जिवाला मुहूर्त नसतो. ढकला!"

चार जणांनी वल्ही घेतली. होडी दोनदा मागे फेकली गेली. तिसऱ्यांदा ती खडकाला जाऊन भिडली आणि तिची एक फळी तडकली. धर्माने आधी पोरीला उचललं, मग लखूला आणि मोरोशेटला ओढून घेतलं. परतीच्या सगळ्या वाटेवर मोरोशेट ओंजळीने पाणी उपसत होता.

चिमा वाचली. नारळी पौर्णिमा झाली, गावच्या होड्या समुद्रात गेल्या. धर्माची होडी मात्र किनाऱ्यावरच राहिली. ती दुरुस्त होईपर्यंत मोरोशेट रोज येऊन फळी धरायला बसे. धर्मा त्याला एका शब्दाने बोलला नाही. ते मोरोशेटला जास्त लागलं.

माघात नवी मिरची आली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अशात एके सकाळी धर्मा दारात येऊन उभा राहिला.

"शेट, वाळू परत आलीय. वारा पडलाय. येताय?"

'उद्या चालेल का?' हे मोरोशेटच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं आणि तराजू खाली ठेवला.

"मंडळी, आज दुकान बंद."

"शेट, ऐन हंगामात?" एक गिऱ्हाईक ओरडलं.

"बेटाचाही हंगाम हाच आहे," मोरोशेट म्हणाला आणि चिमाला हाक मारायला आत गेला.

तात्पर्य: आपल्याला सवड झाली म्हणून ऋतू आपल्यासाठी बदलत नाही. सवड ऋतूप्रमाणे काढावी, तरच सहल सुखाची होते.