गॅरेजला गेलेली आणि घरी राहिलेली मोटार

तेरढोक संस्थानचा शोफर दस्तगीर मोटारीचं बॉनेट उघडून, कोपरापर्यंत काळा होऊन उभा असताना पकडला गेला. पकडणारे होते कंपनीच्या गॅरेजचे मॅनेजर कारखानीस, आणि सोबत होते खुद्द दौलतसिंह महाराज. दस्तगीरची नोकरी आता जाणार, हे मोटारीखेरीज सगळ्यांना कळलं.

गुन्हा लहान नव्हता. मोटार घेताना महाराजांनी कंपनीला शब्द दिला होता की बॉनेटला हात लावील तो कंपनीचाच माणूस. त्यामुळे संस्थानातली ही एकुलती एक मोटार दर हंगामाला घाटाखालच्या गॅरेजात जाई. तीही बैल जुंपून, कारण बिघडलेलं इंजिन चालवणं धोक्याचं, असं कारखानीस सांगत. परतही तिला बैलच आणत, कारण नवं वंगण इंजिनात रात्रभर मुरावं लागतं, तोवर हँडल मारायचं नाही, असंही तेच सांगत. मोटारीचा वेग किती, असं पाहुण्यांनी विचारलं की गावकरी बैलांची नावं सांगत.

महाराजांना मात्र हे शास्त्र पटलं होतं. कोट घातलेल्या माणसाचं कुठलंही शास्त्र त्यांना पटे.

“सरकार, शोफरनं चाक धरावं,” कारखानीस म्हणाले. “न्हाव्याच्या हातात वस्तरा असतो, म्हणून तो कुणाचं पोट फाडायला बसत नाही.”

“खरंय साहेब,” दस्तगीर हात पुसत म्हणाला. “पण तुमच्याकडून बरा होऊन आलेला रोगी दर खेपेला मलाच उठवून बसवावा लागतो.”

मग त्यानं सगळंच सांगून टाकलं. वंगण मुरलं तरी मोटार खोकायची, थांबायची. तो गुपचूप बॉनेट उघडायचा, काय हवं ते करायचा, आणि महाराज फिरून आले की कौतुक गॅरेजचं व्हायचं. कारखानिसांनी हे ऐकून असं स्मित केलं, जसं मोठी माणसं लहान मुलांच्या भुताच्या गोष्टी ऐकताना करतात.

महाराज पेचात पडले. दोघांपैकी एक खोटा, हे उघड होतं. पण खोटा कोण हे ठरवायचं म्हणजे विचार करणं आलं, आणि महाराजांना विचार करण्यापेक्षा अशक्य अट घालणं फार सोपं जाई.

“दसरा तोंडावर आलाय,” ते म्हणाले. “मी शब्द दिलाय, तेव्हा मोटार गॅरेजला जाणारच. आणि ती तुझ्या हातानं चालते असं तू म्हणतोस, तेव्हा तिचं काम तू इथेच करायचंस, त्याच दिवसांत. ती तिकडेही हवी आणि इकडेही हवी. दसऱ्याला मी तिच्यात बसून सीमोल्लंघनाला निघालो नाही, तर गणवेश काढून ठेवायचा आणि चालू लागायचं.”

दरबारी मंडळी ‘वा वा’ म्हणाली. अट न समजताच ‘वा वा’ म्हणण्यासाठी त्यांना नेमणूक होती. दस्तगीरनं खाली मान घालून इतकंच मागितलं की मोटार निघण्याआधी एक दिवस ती त्याच्या ताब्यात असावी, आणि दसऱ्यापर्यंत सरकारांनी मोटारखान्याकडे फिरकू नये. महाराजांनी दोन्ही कबूल केलं. त्यांना वाटलं, बिचाऱ्याला मोटारीचा निरोप घ्यायचा असेल.

तो एक दिवस सरताच मोटार घाट उतरून गेली. इकडे मोटारखान्यातून ठोकाठोकीचे आवाज येत राहिले. रिकाम्या मोटारखान्यात हा ठोकतोय तरी काय, असा प्रश्न महाराजांना पडला. दुःखानं माणूस काहीही ठोकतो, असं दिवाणांनी उत्तर दिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मोटार परत आली. ती आरशासारखी चमकत होती, आणि एरवी घाटात फेस गाळणारे बैल या खेपेला शेपट्या उडवत चढून आले होते. महाराजांच्या ते नजरेत आलं.

“सर्व्हिसिंगनंतर गाडी हलकी होते, सरकार,” कारखानिसांनी खुलासा केला. मग चौकात, सगळ्यांच्या देखत, त्यांनी कामाचं वर्णन केलं. आपण जातीनं इंजिन खोललं, आतला एकेक भाग पेट्रोलनं धुतला, पुसला, बसवला. “आता असं चालेल की कान लावला तरी ऐकू यायचं नाही!”

“साहेब, आपण स्वतः पाहिलंत?” दस्तगीरनं अदबीनं विचारलं.

“या डोळ्यांनी.”

“बिघाड होता काही?”

“होता तर! अडाणी हाताच्या खुणा जागोजाग होत्या. सगळ्या साफ केल्या.”

“म्हणजे माझ्या हाताचं आत आता काहीच उरलं नाही?”

“काहीही नाही.”

“एवढं मात्र साहेब खरं बोलले,” असं म्हणून दस्तगीरनं बॉनेट उघडलं.

महाराज वाकले. आत चौकाची फरशी दिसत होती आणि तिच्यावरून एक मुंगळा निवांत चालला होता. त्यापलीकडे कारखानिसांचे पॉलिश केलेले बूट होते. इंजिन मात्र कुठेच नव्हतं.

दस्तगीर मोटारखान्यात गेला आणि लाकडी चौकटीवर बसवलेलं इंजिन हातगाडीवरून ढकलत घेऊन आला. त्यानं हँडल मारलं. एका झटक्यात इंजिन असं गरजलं की सौधावरची कबुतरं उडाली आणि दिवाण खांबाआड गेले.

इंजिन बंद करून तो म्हणाला, “सरकार, मोटार गॅरेजलाही गेली आणि घरीही राहिली. माझं काम झालं, साहेबांचंही झालं. आता गेलेली आणि राहिलेली, दोघींची गाठ घालायची तेवढी बाकी आहे. ती संध्याकाळपर्यंत घालतो.”

“कारागिराची नजरचूक...” कारखानीस पुटपुटले.

महाराजांनी एकदा त्या भल्याथोरल्या इंजिनाकडे पाहिलं, एकदा कारखानिसांच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि ते मोटारीच्या पायरीवर बसून पोट धरधरून हसू लागले. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून दस्तगीरच्या काळ्या मनगटात घातलं. तो आता मोटारखान्याचा मुख्य झाला होता.

“आणि कारखानीस,” ते डोळे पुसत म्हणाले, “मी दिलेला शब्द मोडत नाही. मोटार दर हंगामाला तुमच्याकडे येईल. पण अशीच येईल, इंजिन घरी ठेवून. धुता मात्र तुम्ही झकास!”